नवे घ्यायचे की आधी उघडून पाहायचे?

या खेपेस आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. यंत्र बंद पडले, विक्रेत्याचा माणूस येऊन गेला, त्याने झाकणाचा स्क्रूही न काढता 'बदलावे लागेल' असा शेरा मारला आणि दुसऱ्या दिवशी कोटेशन पाठवले. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या शेडमध्ये फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे मशिनिंग होते. उभ्या बोअरिंग मशीनच्या मोटरला ११ किलोवॅटचा ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) आहे आणि तो नऊ वर्षे चालला आहे. गेल्या महिन्यापासून मशीन रिकामे फिरवले तर व्यवस्थित फिरते. मात्र टूलने कट घेतला की 'अंडरव्होल्टेज' असे दाखवून ड्राइव्ह ट्रिप होतो. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे हे मॉडेल बंद झाले असून नव्यासाठी ५५ हजार रुपये लागतील. आमच्याकडे आय.टी.आय. झालेला वायरमन आहे आणि त्याला सोल्डरिंगही जमते. ही दुरुस्ती आम्ही स्वतः करू शकू का?
— एक वाचक, शिरोली औद्योगिक वसाहत, जि. कोल्हापूर

उत्तर : आपण जे लक्षण लिहिले आहे ते इतके नेमके आहे की दुरुस्तीचे अर्धे काम तिथेच झाले आहे. बिनभाराने चालतो आणि भार येताच व्होल्टेज कोसळते, याचा अर्थ वीज कुठेतरी अरुंद वाटेने येत आहे. ती वाट ड्राइव्हच्या बाहेर अरुंद झाली आहे की आत, एवढेच आता शोधायचे आहे.

सुरुवात बाहेरूनच करावी. ४१५ व्होल्टच्या तीन फेजपैकी एखादी फेज उडालेल्या फ्यूजमुळे किंवा ढिल्या लगमुळे (वायरीच्या टोकाच्या जोडामुळे) येत नसेल, तरी उरलेल्या दोन फेजवर ड्राइव्हमधील कॅपॅसिटर भरतात, डिस्प्ले लागतो, मोटर रिकामी फिरतेही. भार आल्यावरच पितळ उघडे पडते. म्हणून तिन्ही फेजमधील व्होल्टेज मशीन बंद असताना नव्हे, तर प्रत्यक्ष कट चालू असताना ड्राइव्हच्या इनपुट टर्मिनलवर मोजावे, आणि हे काम वायरमननेच हातमोजे घालून करावे. मुख्य स्विचमधील फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून 'चांगला आहे' म्हणू नये, तो काढून कंटिन्युइटी (वीज आरपार जाते का ते) तपासावी. ५५ हजारांचे कोटेशन हातात असताना शेवटी एका फ्यूजवर प्रकरण मिटल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

इनपुट ठीक निघाला तर ड्राइव्ह उघडावा लागेल. त्याआधी एका गोष्टीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे चुकीला माफी नाही. ड्राइव्हमध्ये येणारी ए.सी. वीज प्रथम डायोड ब्रिजमधून जाऊन डी.सी. होते आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठते. ४१५ व्होल्टच्या इनपुटवर हा साठा साधारण ५६० ते ५९० व्होल्ट असतो. मेन स्विच पाडल्यावरही तो तसाच राहतो आणि हळूहळू उतरतो. ड्राइव्हच्या झाकणावर किती मिनिटे थांबावे ते छापलेले असते. ती मिनिटे थांबूनही डी.सी. प्लस आणि मायनस टर्मिनलवर मल्टिमीटर लावावा आणि आकडा ५० व्होल्टच्या बराच खाली गेल्याशिवाय आत बोटही घालू नये. साठा उतरतच नसेल, तर १०० वॅटचे जुन्या पद्धतीचे तारेचे तीन दिवे सिरीजमध्ये जोडून त्यांतून तो उतरवावा. इथे एल.ई.डी. दिवे उपयोगाचे नाहीत. कॅपॅसिटरची दोन टोके स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची जी मर्दुमकी काही ठिकाणी दाखवतात, ती मीही उमेदवारीच्या काळात एकदा दाखवली होती. स्क्रूड्रायव्हरचे टोक वितळून त्याचा मणी झाला आणि त्याचा एक कण चष्म्याच्या काचेवर बसला. चष्मा नसता तर आज हे सदर दुसरे कोणी लिहीत असते.

आत शिरण्यापूर्वी ड्राइव्हमधील सर्व पॅरामीटर (भरलेल्या सेटिंग) कागदावर उतरवून घ्यावेत, प्रत्येक वायरीला टेपचा तुकडा लावून नंबर द्यावा आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत. स्क्रू ठेवण्यासाठी अंड्यांचा रिकामा ट्रे घ्यावा. ज्या थरातला स्क्रू त्या ओळीतल्या खड्ड्यात ठेवला की जोडताना उलट क्रमाने हात जातो.

आपल्याकडील लक्षणावरून माझा पहिला संशय प्री-चार्ज रिलेवर आहे. ड्राइव्हला वीज दिली की रिकामे कॅपॅसिटर एकदम मोठा करंट ओढतात. तो आवरण्यासाठी मार्गात एक रेझिस्टर घातलेला असतो, आणि कॅपॅसिटर भरले की एक रिले ओढला जाऊन त्या रेझिस्टरला वळसा देतो. मेन स्विच टाकल्यावर क्षणभराने जो 'टक्' असा आवाज येतो तो याच रिलेचा. वर्षानुवर्षे काम करून त्याचे कॉन्टॅक्ट जळाले, तर रिले ओढला गेल्याचा आवाज येतो, पण वीज रेझिस्टरमधूनच जात राहते. बिनभाराचा थोडा करंट त्यातून निभावतो. कट घेतला की रेझिस्टरवरच व्होल्टेज पडते, आतील साठा खाली जातो आणि ड्राइव्ह प्रामाणिकपणे 'अंडरव्होल्टेज' म्हणतो. रेझिस्टरभोवतीचे बोर्ड तपकिरी झालेले दिसले किंवा जळका वास आला, तर संशय जवळजवळ पक्का समजावा. ११ किलोवॅटच्या ड्राइव्हमध्ये बहुधा असा रिले असतो. मोठ्या ड्राइव्हमध्ये हेच काम थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचकडून करून घेतात.

रिले बोर्डवरून काढून टेबलावर तपासावा. अंगावर छापलेले कॉइलचे व्होल्टेज, बहुतेक वेळा २४ व्होल्ट डी.सी., त्याला द्यावे आणि कॉन्टॅक्टवर मल्टिमीटर ठेवून दहा वेळा ओढावा-सोडावा. चांगल्या कॉन्टॅक्टचा रोध दर वेळी शून्याला चिकटून येतो. जळालेला कॉन्टॅक्ट एकदा २ ओहम, एकदा ४०, तर एकदा काहीच नाही, असे दाखवतो. कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याचा मोह होईल, परंतु तसे करू नये. वरचा मुलामा जातो आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. कॉइलचे व्होल्टेज, कॉन्टॅक्टची करंट क्षमता आणि पिनांची मांडणी तीच असलेला नवा रिले काही शे रुपयांत मिळतो. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुना रिले हातात घेऊन गेले की काम होते. पॉवर बोर्डवरील तांबे जाड असल्याने लहान सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळत नाही, मग माणूस जोर लावतो आणि पॅड उखडतो. आपल्या वायरमनला आधी भंगारातील एखाद्या बोर्डवर हात साफ करू द्यावा.

ड्राइव्ह उघडलाच आहे, तर पंखा आणि कॅपॅसिटर यांचाही विचार करावा. आपल्या भागातील फाउंड्रीच्या वाळूत बेंटोनाइटबरोबर कोळशाची भुकटी असते. ही काळी धूळ, त्यात मशिनिंगची लोखंडी भुकटी आणि कूलंटची वाफ मिसळली की बोर्डवर जो थर बसतो तो अंशतः वीजवाहक असतो. तो मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा; कंप्रेसरची हवा थेट मारल्यास तिच्यातील पाणी आणि तेल बोर्डवर जाते. पंख्याचे पाते बोटाने फिरवल्यावर अडखळत थांबत असेल, तर तो त्याच व्होल्टेजचा आणि मापाचा नवा घालावा. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते, म्हणून बंद पडलेल्या पंख्याची किंमत कॅपॅसिटर चुकते करतात. त्यांचा माथा फुगलेला असेल, बुडाशी ओलसर डाग असेल, किंवा नऊ वर्षे सतत भार ओढून झाली असेल, तर ते बदललेले बरे. व्होल्टेज आणि मायक्रोफॅरड तेच, तापमान १०५ अंशांचे, आणि दोन-दोन सिरीजमध्ये असतील तर सगळे एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावल्यास व्होल्टेज सारखे वाटले जात नाही. प्लस-मायनस उलटे झाले, तर कॅपॅसिटर फुटतो.

हे करताना आत डायोड किंवा आय.जी.बी.टी. मॉड्यूल (साठलेली डी.सी. वीज तोडून-जोडून मोटरला देणारा भाग) गेले आहे का, तेही पाहता येते. साठा पूर्ण उतरलेला आणि मोटरच्या वायरी सोडवलेल्या असताना मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा आणि इनपुटची तीन व आउटपुटची तीन टर्मिनले एकेक करून डी.सी. प्लस-मायनसशी तपासावीत. एका दिशेने ०.३५ ते ०.५ व्होल्टच्या आसपास आकडा, उलट दिशेने काही नाही, असे यायला हवे. नेमक्या आकड्याला महत्त्व कमी आहे, तिन्ही फेजचे आकडे एकसारखे असण्याला जास्त. एखादी फेज शून्य दाखवत असेल तर मॉड्यूल शॉर्ट आहे, आणि इथे मी आपल्याला हात थांबवायला सांगेन. मॉड्यूल जाताना बहुतेक वेळा आपला गेट ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालू-बंदचा इशारा देणारे सर्किट, तेही घेऊन जाते. नुसते मॉड्यूल बदलून वीज दिली की नवे मॉड्यूलही त्याच क्षणी जाते. ते काम बोर्डची दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडे द्यावे किंवा ड्राइव्ह नवा घ्यावा.

आणखी एक. ड्राइव्ह जोडलेला असताना मोटरला मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) कधीही लावू नये. मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हमध्ये शिरतात आणि चांगला ड्राइव्ह हकनाक मरतो. मोटरची परीक्षा वायरी सोडवूनच करावी.

प्रश्न : माझे गॅरेज आहे. ५ एच.पी.चा दोन टप्प्यांचा कंप्रेसर पूर्वी दहा-बारा मिनिटांत टाकी भरत असे, आता पाऊण तास लागतो, आणि दोन सिलिंडरना जोडणाऱ्या नळीवरचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह अधूनमधून उडतो. मेकॅनिक पूर्ण हेड ब्लॉक बदलायला सांगतो. शिवाय टाकीच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढे भोक पडले आहे. शेजारचा वेल्डर शंभर रुपयांत ते बुजवून देतो म्हणाला. दोन्ही कामे एकदम उरकावीत का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : पहिले काम जरूर स्वतः करावे. दुसऱ्यासाठी त्या वेल्डरला टाकीच्या जवळही फिरकू देऊ नये.

मधल्या नळीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, ही मोठी उपयोगी खूण आहे. मोठ्या सिलिंडरमध्ये एकदा दाबलेली हवा या नळीतून लहान सिलिंडरकडे जाते. लहान सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या पात्या नीट बसत नसतील, तर तिकडची जास्त दाबाची हवा मागे फिरून नळीत येते आणि तिथला दाब मर्यादेपलीकडे जातो. म्हणजे दोष लहान सिलिंडरच्या हेडमध्ये आहे. याची उलट खूणही ध्यानात ठेवावी. कंप्रेसर चालू असताना एअर फिल्टरपुढे तळहात धरला आणि हवा आत ओढली जाण्याबरोबरच बाहेरही फुंकली जात असेल, तर मोठ्या सिलिंडरचा सक्शन व्हॉल्व्ह गळतो आहे. आणि कंप्रेसर थांबल्यावर प्रेशर स्विचपाशी बराच वेळ सूं-सूं चालू राहिली, तर टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न (हवा मागे येऊ न देणारा) व्हॉल्व्ह गळतो आहे. हात आणि कान एवढ्याच हत्यारांनी हे तिन्ही दोष ओळखता येतात.

मेन स्विच पाडून फ्यूज खिशात ठेवावा, टाकी पूर्ण रिकामी करावी आणि मग हेड उघडावे. डिलिव्हरीच्या पात्यांवर बहुधा काळा कडक कार्बन साचलेला दिसेल, आणि एखाद्या पातीला केसाएवढी चीर असेल. कार्बन रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून लाकडी चपटीने काढावा. पत्री किंवा पटाशी लावली तर बैठकीवर ओरखडे पडतात आणि मग पाती नवी घालूनही हवा धरत नाही. पात्या, स्प्रिंगा आणि गॅस्केट यांचा संच हेड ब्लॉकच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्त मिळतो. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, तीन फेऱ्यांत थोडे थोडे कसावेत. मात्र पात्या बदलूनही टाकी भरायला वेळ लागत राहिला आणि हवेबरोबर तेल येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा संपल्या आहेत. तेही काम होण्यासारखे आहे, फक्त एक दिवस गॅरेज बंद ठेवावे लागेल.

आता टाकी. बुडाशी पडलेले भोक हे आतून आलेल्या गंजाचे बाहेर आलेले टोक असते. रोज पाणी न सोडल्याने तळाचा पत्रा भोवतालीही पातळ झालेला असतो. त्यावर वेल्डिंग केले की भोक बुजते आणि शेजारचा पातळ पत्रा उष्णतेने आणखी कमकुवत होतो. दाबलेली हवा पाण्यासारखी नसते. पाण्याने भरलेली टाकी फाटली तर चिळकांडी उडते, हवेने भरलेली फाटली तर पत्र्याचे तुकडे भिंतीपलीकडे जातात. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ मध्ये दाबाखालील यंत्रसामग्रीसंबंधी तरतूद होती (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे) आणि अशा टाक्यांची तपासणी सक्षम व्यक्तीकडून करून घ्यायची असते. आपले गॅरेज त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नसेलही, पण टाकीला कलमे वाचता येत नाहीत. टाकी बदलावी, जुनी भंगारात देताना तिला दोन ठिकाणी मोठी भोके पाडून द्यावी, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या गॅरेजमध्ये रंग लावून परत येणार नाही. टाकीवरचे वर्षानुवर्षे चाललेले हेड, मोटर आणि स्विच नव्या टाकीवर बसतात, त्यामुळे संपूर्ण कंप्रेसर घेण्याची गरज नाही.

प्रश्न : आमच्या यंत्राची कंपनी सर्किट डायग्राम देत नाही, सुटे भाग देत नाही, फक्त पूर्ण कार्ड विकते. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा आला आहे म्हणतात, त्याचा आम्हाला काही उपयोग?
— एक वाचक, वाळूज

उत्तर : सध्या फारसा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू झाले. त्यासाठी निवडलेली क्षेत्रे शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही आहेत. कारखान्यातील यंत्रे त्यांत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला लागू होत नाही. परंतु स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी ती घेतली असेल, तर घेणारा 'ग्राहक' ठरू शकतो. आपली शेड एकट्याने चालवली जात असेल, तर वकिलाला हा मुद्दा विचारून पाहावा.

खरा उपाय खरेदीच्या वेळचा आहे. पुढच्या यंत्राच्या खरेदी आदेशातच सर्किट डायग्राम, सुट्या भागांची यादी आणि पॅरामीटरचा बॅकअप मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देणार नाही, असे लिहावे. हप्ता अडकलेला असताना आठवड्यात कागद येतात. आणि वॉरंटी चालू असेपर्यंत सील तोडू नये, एवढा संयम ठेवावा.

प्रश्न : माझा साडेचार फुटी लेथ वीस वर्षांचा आहे. २०० मि.मी. लांबीचा जॉब टर्न केला की चककडील टोकापेक्षा दुसरे टोक जाड येते. दोन ठिकाणी दाखवला. एकाने बेड ग्राइंडिंग सांगितले, दुसऱ्याने लेथ विकून टाका म्हटले.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपला लेथ मध्यंतरी जागेवरून हलवला होता का? किंवा शेडची फरशी खचली आहे का? बेड झिजण्याआधी बेड पिळला जाण्याची शक्यता अधिक असते, आणि तो पीळ काढायला पाना सोडून काही लागत नाही.

५० मि.मी. व्यासाचा गोल बार चकमध्ये पकडावा, टेलस्टॉकचा आधार देऊ नये. चकजवळ एक आणि सुमारे १५० मि.मी. अंतरावर दुसरी कॉलर (बारवर जाड ठेवलेली पट्टी) ठेवून मधला भाग थोडा उतरवावा. मग धारदार टूलने, टूलची जागा न हलवता, दोन्ही कॉलरवरून एकच अगदी हलका कट घ्यावा आणि मायक्रोमीटरने मापे घ्यावीत. बार याहून बारीक असेल तर तो टूलपासून लवतो आणि दूरचे टोक उगाचच जाड येते, म्हणून जाडीत काटकसर नको. बाहेरची कॉलर जाड आली, तर टेलस्टॉककडील बाजूचा, आपल्या पुढ्यातला लेव्हलिंग बोल्ट किंचित वर घ्यावा. त्याने बेड मागे कलतो आणि त्या टोकाला टूल जॉबच्या जवळ जाते. पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी फिरवू नये, चेक नट कसून पुन्हा कट घ्यावा आणि पुन्हा मोजावे. तीन-चार खेपांत फरक मि.मी.च्या शंभराव्या भागाच्या घरात येईल.

बोल्ट फिरवूनही आकडा जागचा हलला नाही, तर हेडस्टॉकची सरळ रेषा पाहावी लागेल, आणि चकजवळच्या हातभर पट्ट्यातच माप बदलत असेल तर बेड खरोखर झिजला आहे. तसे झाल्यास दोन्ही कॉलरची मापे आणि बोल्ट किती फिरवला याची नोंद मला पाठवावी.